बाबांच्या शिंका आणि आमचं बेसमेंट

ॲन आर्बर, मिशिगन
जुलै

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं झाल्याचं दादाने कळवलं. गणपती आटोपून निघताय हे फार बरं केलंत, तोवर इथला उकाडा ओसरलेला असेल. या खेपेला तुमची खोली खाली बेसमेंटमध्ये करतोय. तिथे स्वतंत्र बाथरूम आहे, म्हणजे बाबांना रात्री जिना चढायला नको. पण त्यांची सकाळची शिंकांची माळ मी विसरलेले नाही. ॲलर्जीच्या टेस्टला हातावर सुया टोचल्या होत्या ना, त्यात सगळ्यात मोठी गांध उठली ती धुळीतल्या किड्यांची, डस्ट माइट्सची. म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त, पडदे वगैरे मग.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "खिडक्या उघड्या टाक, हवा खेळू दे." इथे जुलैत नेमकं हेच करायचं नाही. बेसमेंट जमिनीखाली. काँक्रीटच्या भिंतींना बाहेरून माती टेकलेली, त्यामुळे भर उन्हाळ्यातही खाली २० अंशांच्या आसपास गारवा असतो. बाहेरची २८ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा आत घेतली आणि ती तेवढी गार झाली, की तिची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर जाते. हवेत पाणी तेवढंच असतं, पण गार हवेला ते पेलवत नाही. मग भिंतीलगतची पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात आणि गालिच्याला कुबट वास येतो. आपल्या चिपळूणचा आषाढच म्हण ना.

या किड्यांना तोच मानवतो. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून घेतात. आठ पायांचे, कोळ्याच्या गोतातले, पण अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतात, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. चावतही नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर त्यांचं भागतं. बाबांना बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा (जेवताना वाचत नसाल अशी आशा). हवा ५० टक्क्यांच्या खाली कोरडी ठेवली की ते सुकून मरतात, फक्त एका रात्रीत नाही, त्याला आठवडे जातात. म्हणून सप्टेंबरची तयारी मी आत्ताच काढली.

खाली हवेतली ओल मोजणारा एक हायग्रोमीटर टांगलाय, मनगटी घड्याळाएवढा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यावर ६८ टक्के होतं. मग डिह्युमिडिफायर आणला. त्याच्या पोटात थंड नळ्या असतात, त्यांच्यावर हवेतलं पाणी धरतं आणि खालच्या बादलीत टपकत राहतं. आधी मी ती बादली सकाळ-संध्याकाळ ओतत होते. कोरड्या दिसणाऱ्या खोलीतून एवढं पाणी निघतं यावर ह्यांचा विश्वासच बसेना. आता मागून पाइप लावून तो थेट जमिनीतल्या मोरीत सोडलाय. आकडा ४५ ते ४८ च्या मध्ये राहतो.

पण बाहेरून पाणी मुरत असेल तर यंत्र बिचारं किती उपसणार? पन्हळीचं पाणी उतरतं ते नळकांडं अगदी भिंतीपाशी संपत होतं. ते लांबवून सहा फुटांवर नेलं, आणि जिथे माती घराकडे उतरत होती तिथे भर घालून उतार उलटा केला. कोकणातल्या माणसाला हे काही नवीन सांगायला नको, बाबा तर पावसाळ्याआधी हेच करतात.

गालिचा काढून टाकला. त्याखालचं फोमचं अस्तर कोपऱ्यातून उचललं तर पिठासारखी बारीक धूळ निघाली, तोंडाला मास्क होता म्हणून बरं. आता तिथे व्हायनलच्या फळ्या आहेत, ओल्या फडक्याने पुसता येतात. गादीला आणि उशांना चेन असलेली घट्ट विणीची खोळ घातली आहे. धाकटीचा कापडी हत्ती चोवीस तास फ्रीजरमध्ये होता, कोथिंबीरवड्यांच्या शेजारी. थंडीने किडे मरतात, पण विष्ठा तशीच राहते, म्हणून नंतर धुतलाही. ती दिवसभर फ्रीजरपाशी जाऊन "थंडी वाजते का?" विचारत होती.

चादरी दर आठवड्याला धुवायच्या, पण पाणी ५५ अंशांचं तरी हवं. आमच्या गिझरचं पाणी ४९ अंशांवर ठेवलंय आणि मुलीचे हात भाजतील म्हणून मी ते वाढवत नाही. त्यामुळे चादरी धुतल्यावर ड्रायरमध्ये चांगल्या कडक तापवून घेते. आई, गाद्यांना वैशाखातलं ऊन दाखवायची तुझी रीत यापेक्षा सोपी आणि फुकट. इथे मात्र आमच्या वसाहतीच्या नियमात २०२५ पर्यंत बाहेर दोरीवर काही वाळत घालायला मनाई होती. एवढं लख्ख ऊन वाया जायचं आणि आम्ही विजेवर चादरी वाळवायचो! मला तो नियम कधीच पटला नाही.

आमचे हे हवा शुद्ध करायचं महागडं यंत्र आणायच्या मागे होते. मी नको म्हटलं. या किड्यांची धूळ जड असते, उडाली तरी थोड्या वेळात खाली बसते, त्यामुळे हवा गाळून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम घेतला. तो फिरवताना बाबांनी खोलीत थांबायचं नाही, नंतरही तासभर वरच बसायचं. त्यांना हे आत्तापासून सांगून ठेव, ऐनवेळी ते "मला काय होतंय" म्हणतील. ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा आपोआप कोरडी पडेल, मग डिह्युमिडिफायरला सुट्टी. तेव्हा ओठ फुटतात, म्हणून व्हॅसलीन आणून ठेवते.

बाबांच्या गोळ्या आणि पंप हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठीही. कापसाची उशी आणू नका, ती मशीनमध्ये धुता येत नाही. आजीच्या नऊवारींची पातळ गोधडी मात्र नक्की आणा, ती किती धुतली-तापवली तरी टिकते आणि बाबांना तिच्याशिवाय झोप लागत नाही. दादाला सांग, वजन जास्त झालं तर लोणच्याची बरणी काढ, गोधडी काढू नकोस.

तुमची,
ताई