ब्लॉक कपाटात पडून आहेत, तपासणीसाठी निधी हवाय

नमस्कार मंडळी,

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या ब्लॉकची जनुक तपासणी करायला निधी मागणारं हे आवाहन व्यवस्थित छापून घरोघरी द्यायचं असं कमिटीत ठरलं होतं, पण तेवढा वेळ उरलेला नाही म्हणून असंच टाइप करून पाठवतेय, शुद्धलेखन सोडून द्या पण मजकूर शेवटपर्यंत वाचा.

आधी ऋण. आपलं कॅन्सर पेशंटचं मंडळ उभं राहिलं ते मोठ्या बाईंमुळे, हे जुन्या लोकांना सांगायला नको, पण नवीन मेंबर बरेच आलेत म्हणून लिहिते. स्वतःची केमो चालू असताना बाईंनी घरातली पुढची खोली मंडळाला दिली, पहिलं रजिस्टर स्वतःच्या हाताने आखलं आणि कोणाचा फोन आला नाही की स्वतः करायच्या. डॉक्टरकाका दवाखाना बंद झाल्यावर बसून आपले रिपोर्ट वाचून द्यायचे, लाल पेनने खुणा करून, एक पैसा न घेता. छपाईवाल्या दादांनी माहितीपत्रकाचं बिल कधी पाठवलंच नाही, मागितलं तर म्हणायचे बघू पुढच्या वेळी. आणि प्रवासनिधी ज्या जोडप्याने लेकीच्या आठवणीत सुरू केला त्यांनी नाव टाकू नका असं बजावलंय म्हणून टाकत नाही, त्या निधीवर किती जणींच्या केमोच्या फेऱ्या झाल्या ते आपल्या सगळ्यांना माहितीये. ही माणसं नसती तर मंडळ पहिल्या वर्षातच बंद पडलं असतं.

आता मुद्दा. आपल्यातल्या काही जणींना लो ग्रेड सीरस हा ओव्हरीचा कॅन्सर आहे. ओव्हरीच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा दहात एकापेक्षाही कमी, त्यातून बायका तुलनेने तरुण, गाठ वाढते हळू पण केमोला दाद फारशी देत नाही, ऑपरेशन आणि मग लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या यावरच वर्षानुवर्षं गाडी चालते आणि परत उलटला की पुढे काय हा प्रश्न येतो. 2022 मध्ये ट्रॅमेटिनिब या गोळीचा 260 बायकांवरचा अभ्यास आला, नेहमीच्या उपचारावर आजार आटोक्यात राहण्याचा मधला काळ 7.2 महिने होता तो 13 महिन्यांवर गेला. ही गोळी पेशीला वाढायचा निरोप देणारं मेक नावाचं प्रथिन अडवते. अडचण अशी की पुढचं दार लावलं की पेशी मागचं दार उघडते, त्या मागच्या दाराचं नाव फॅक. म्हणून लंडनच्या रॉयल मार्सडेनमधल्या डॉ. सुझाना बॅनर्जी आणि इतरांनी दोन्ही एकदम अडवायचा प्रयोग केला, ॲव्हुटोमेटिनिब मेक आणि त्याच साखळीतल्या रॅफ प्रथिनासाठी, डिफॅक्टिनिब फॅकसाठी. पहिलं आठवड्यातून दोनदा, दुसरं रोज दोन वेळा, तीन आठवडे घ्यायचं आणि चौथा आठवडा सुट्टी. आजार परत उलटलेल्या आणि गाठीत के-रास जनुकाचा बदल असलेल्या 57 बायकांपैकी 44 टक्के जणींची गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली, आणि मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) त्याच गटासाठी या जोडीला मान्यता दिली.

ग्रुपवर "कॅन्सरवर रामबाण" म्हणून जे फिरतंय ते मात्र फॉरवर्ड करू नका. मान्यता सुरुवातीच्या निकालांवर लवकर दिलेली आहे, नेहमीच्या उपचाराशी तुलना करणारा मोठा अभ्यास अजून चालू आहे. के-रासचा बदल नसेल तर गुण बराच कमी येतो. मळमळ, पुरळ, थकवा, जुलाब, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) वाढणं, दिसण्यात फरक पडणं हे सगळं होऊ शकतं, त्यामुळे डोळे आधी तपासावे लागतात आणि मधून मधूनही. आणि हाय ग्रेडवाल्या (भराभर वाढणाऱ्या प्रकारच्या) तायांनो, तुमचा रस्ता वेगळा आहे, हे वाचून चालू औषध बदलायला जाऊ नका.

तर सगळं अडलंय एका तपासणीवर. ऑपरेशनच्या वेळी काढलेली गाठ मेणात बसवून ठेवतात, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा तो ब्लॉक, प्लॅस्टिकच्या जाळीवर नंबर, आणि मेणात नखाएवढा फिकट तुकडा. त्या तुकड्यात के-रास बदललाय का हे कळल्याशिवाय कोणता डॉक्टर ही जोडी सुचवणार आणि ट्रायलमध्ये तरी कशाच्या जोरावर विचारायचं? आपल्या बहुतेक जणींचे ब्लॉक हॉस्पिटलच्या कपाटात तसेच पडून आहेत. फार जुना झाला की त्यातला डीएनए तुटत जातो, एका ताईंचा मिळाला तेव्हा तपासायला तुकडाच पुरेसा उरला नव्हता, परत सुई टोचून घ्यावी लागली.

थोडं मनातलं. मागच्या वेळी याच तपासणीसाठी हाक दिली तेव्हा हात जोडलेले इमोजी भरपूर आले, पैसे मोजक्याच घरांतून आले, आणि तीच घरं दर वेळी देतात. व्हीलचेअर द्यायला लोक येतात, पाठीवर नाव रंगवता येतं. रिपोर्टवर देणगीदाराचं नाव येत नाही हे मान्य, पण म्हणून हात आखडायचा? वाईट वाटलं होतं, लिहून टाकलं, राग नाही.

तपशील घाईत: निधी फक्त ब्लॉक आणणं, जनुक तपासणी, सीपीके आणि डोळ्यांच्या तपासण्या यासाठी, औषधासाठी नाही, तेवढी आपली ऐपत नाही. रक्कम कितीही चालेल, या महिन्याच्या 25 तारखेच्या आत, थेट मंडळाच्या खात्यात, खाते नंबर खजिनदारांकडून घ्या, स्क्रीनशॉट त्यांनाच पाठवा म्हणजे पावती निघेल, रोख माझ्या हातात देऊ नका. ज्यांचे ब्लॉक आणायचेत त्यांनी ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि सहीचा अर्ज द्यायचा, आजार परत उलटलेल्यांचा नंबर आधी. पैसे जमत नसतील तर हॉस्पिटलच्या काउंटरला अर्ज घेऊन उभं राहायला माणसं हवीत, सकाळची वेळ, नावं उद्यापर्यंत कळवा.

सचिव
(कमिटीच्या वतीने)