खोक्यावरचा ‘डिजिटल’ आणि आतला रेडिओ

महोदय,

बाजारात आज जवळपास प्रत्येक रेडिओच्या खोक्यावर ‘डिजिटल’ असे छापलेले असते. स्वस्तातल्या संचावरही असते आणि त्याच्या दहापट किमतीच्या संचावरही. आत मात्र तीन अगदी वेगळे प्रकार असू शकतात. ते माहीत नसल्यामुळे अनेक श्रोत्यांचे पैसे वाया जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला प्रकार केवळ आकडे दाखवणारा. काटा फिरवायचा नाही, बटण दाबले की पडद्यावर फ्रिक्वेन्सी दिसते. तिला जागेवर धरून ठेवण्याचे काम पीएलएल हे मंडल करते, त्यामुळे स्टेशन सरकत नाही. येणारे प्रसारण मात्र जुनेच, म्हणजे अ‍ॅनालॉग. दुसऱ्या प्रकारात डीएसपी चिप असते. तिच्यात अ‍ॅनालॉग लहरीचे आकड्यांत रूपांतर होते आणि गाळणी गणिताने चालते. तिसराच काय तो खरा डिजिटल, कारण त्याच्यासाठी प्रक्षेपणच डिजिटल असावे लागते. मोटारीच्या पडद्यावर एफएम स्टेशनचे नाव सरकताना दिसले तरी तो डिजिटल रेडिओ नव्हे. ती आरडीएस नावाची सोय आहे आणि आवाज नेहमीच्या एफएमचाच असतो.

पहिल्या दोन प्रकारांत सर्वाधिक तक्रारी एका छोट्या सेटिंगमुळे येतात. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशने ९ किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १०च्या. मुंबईची ५५८ आणि १०४४, पुण्याची ७९२, पणजीची १२८७ या सगळ्या फ्रिक्वेन्सी ९ने भागून पाहा, बाकी उरत नाही. संच १०च्या टप्प्यावर असेल तर शोध ५५०वरून थेट ५६०वर जातो. ५५८वरचा मुंबई ‘ब’ दोन किलोहर्ट्‌झ बाजूला फाटका ऐकू येतो आणि १०४४ तर हाती लागतच नाही. गिऱ्हाईक म्हणते रेडिओ बिघडला, दुकानदार म्हणतो मीडियम वेव्ह आता कोण ऐकतो! माहितीपुस्तिकेत ‘९के/१०के’ शोधावे. बऱ्याच संचांत रेडिओ बंद ठेवून ठरावीक बटण दोन-तीन सेकंद दाबले की टप्पा बदलतो. त्यानंतर मीडियम वेव्हची साठवलेली स्टेशने पुन्हा भरावीत.

डीएसपी संचावर अनेकदा दोन आकडे दिसतात. पहिला सिग्नलची ताकद सांगतो, दुसरा सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते. लक्ष दुसऱ्यावर ठेवावे. मीडियम वेव्हचा एरियल म्हणजे आतली फेराइटची कांडी. बाहेरची दांडी कितीही ओढली तरी तिचा इथे उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. म्हणून संचच आडवा फिरवत न्यावा आणि दुसरा आकडा जिथे सर्वांत मोठा होईल तिथे थांबावे. ‘बँडविड्थ’, म्हणजे संच किती रुंद पट्टा आत घेतो ते, ६ किलोहर्ट्झ ठेवली तर संगीत खुलते. रात्री दूरची स्टेशने एकमेकांवर चढतात, तेव्हा ती ३ किंवा २वर आणावी. आवाज दबतो, पण शब्द कळतात. क्षीण स्टेशन मधूनमधून गडप होत असेल तर दोष बहुधा ‘सॉफ्ट म्यूट’चा असतो. गोंगाट वाढला की चिप स्वतःच आवाज खाली आणते.

आता खरा डिजिटल. जगात त्याच्या अनेक पद्धती आहेत आणि एकीचा संच दुसरीला चालत नाही. ब्रिटन, जर्मनी, नॉर्वे येथे डॅब किंवा डॅब प्लस आहे (नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंदही केले), अमेरिकेत एचडी रेडिओ. आकाशवाणीने निवडली ती डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ माँडियाल. लंडनहून मुलाने प्रेमाने आणलेला महागडा डॅब संच इथे फक्त एफएमपुरता चालेल, कारण भारतात डॅबचे प्रसारणच नाही. विकत घेताना खोक्यावर ‘डीआरएम’ ही तीनच अक्षरे शोधावीत. ती नसतील तर ‘डिजिटल’ या शब्दासाठी एक रुपयाही जादा देऊ नये.

डीआरएमचे वागणे अ‍ॅनालॉगपेक्षा निराळे आहे. स्टेशन लावताक्षणी आवाज येत नाही, काही सेकंद थांबावे लागते. आधी जुळणी होते, मग नाव उमटते, मग आवाज. नाव दिसते पण आवाज नाही, असे झाले तर संच बिघडलेला नसतो. नाव व इतर माहिती अधिक कणखर पद्धतीने पाठवतात, आवाजाच्या प्रवाहाला त्याहून स्वच्छ सिग्नल लागतो. अ‍ॅनालॉगमध्ये खरखर हळूहळू वाढते, इथे मात्र आवाज तुटतो आणि एकदम शांतता पसरते. अशा वेळी मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांपासून संच दूर न्यावा, खिडकीशी ठेवावा, अडॅप्टर काढून सेलवर चालवून पाहावा. काँक्रीटच्या इमारतीत एवढ्यानेच बरेचदा काम होते. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल प्रसारण शेजारीशेजारी चालू असेल, तर साध्या रेडिओवर मूळ स्टेशनलगत धबधब्यासारखा एकसुरी ‘सूऽऽ’ ऐकू येतो. तो बिघाड नसून डीआरएमच आहे.

आकाशवाणीकडे मीडियम वेव्हची सुमारे ३५ डीआरएम प्रक्षेपण केंद्रे आहेत. मारुती सुझुकी, हुंदाई, महिंद्रा यांच्या काही मोटारींत डीआरएम कंपनीतूनच बसून येते, पण ते मेन्यूत एएमच्या आड असल्याने कित्येक मालकांना ठाऊकच नसते. घरगुती संच अजून महाग आहेत आणि साध्या रेडिओपेक्षा सेलही जास्त खातात. माझे मत विचाराल तर, आपल्या गावात डीआरएम पोहोचते की नाही हे एखाद्याच्या मोटारीत ऐकून खात्री केल्याखेरीज असा घरगुती संच घेऊ नये.

खाजगी एफएमच्या डिजिटल धोरणासाठी ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२४ मध्ये सल्लामसलतीचा मसुदा काढला. त्यात मुंबई, पुणे, नागपूर ही शहरे आहेत. नवे संच बाजारात येण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. कोणती प्रसारणपद्धत आणि कोणते पट्टे चालतात, हे खोक्यावर ठळक छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे. आणि आकाशवाणीने आपल्या केंद्रांची डीआरएम फ्रिक्वेन्सी व वेळ मराठी बातम्यांच्या आधी रोज सांगावी. आपल्या दैनिकानेही रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकेत ती छापावी.

– एक रेडिओ तंत्रज्ञ, ठाणे