परीक्षेला रुग्ण हवेत

एमबीबीएसच्या शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी वॉर्डातले रुग्ण पुरत नाहीत. धाप लागलेल्या माणसाला एकामागून एक विद्यार्थ्यांनी तपासणे बरोबरही नाही. म्हणून आमचे मंडळ प्रकृती स्थिर, पण खुणा ठळक असलेल्या नागरिकांची यादी करत आहे : लहानपणच्या संधिवाती तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप, वाढलेली पानथरी (डाव्या बरगड्यांखालची प्लीहा), जुना अर्धांगवायू, गलगंड, पायावर फुगलेल्या शिरा.

लाँग केसला, म्हणजे सविस्तर तपासणीला, विद्यार्थी पाऊण-एक तास तुमच्याजवळ असतो, शॉर्ट केसला, म्हणजे थोडक्या तपासणीला, दहा-पंधरा मिनिटे. आजाराचे नाव सांगायचे नाही, फाइल पिशवीतच ठेवायची. त्रास मात्र घरी सांगता तसाच सांगा. ‘जिना चढताना दम लागतो’ हे हवे, ‘मायट्रल स्टेनोसिस (अरुंद झडप) आहे’ हे नको. सरावलेले रुग्ण नकळत उत्तर फोडतात. अरुंद झडपेचा आवाज डाव्या कुशीवर वळून, श्वास सोडून धरल्यावर नीट ऐकू येतो. विद्यार्थ्याने सांगण्याआधीच कुशीवर वळलात, तर त्याची परीक्षा झालीच नाही. पानथरी फार वाढली असेल तर हात पोटाच्या उजव्या खालच्या बाजूपासून वर सरकवत आणावा लागतो. बरगडीशीच सुरुवात केली तर तिची कडा हाताखालून निसटते. निसटू द्या. दुखले मात्र तर लगेच सांगा. तपासताना त्याने तुमच्या चेहऱ्याकडे पाहायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते.

वारंवार दाबल्याने पोट ठणकते, म्हणून पानथरीच्या रुग्णाला दिवसाला चारच विद्यार्थी, इतरांना सहा. स्त्री रुग्णांजवळ नर्स किंवा घरचे माणूस असेलच. परीक्षक खाटेशी उभे राहून इतर शक्यता विचारतात, त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडतो आणि माणूस हबकतो. ही चर्चा पडद्याबाहेर व्हावी, असा आमचा आग्रह आहे. मध्येच थांबायचे असेल तर थांबा. तुमच्या उपचारांशी याचा संबंध नाही. शेवटी दोन मिनिटे तुमची : विद्यार्थ्याने नाव सांगितले का, विचारून हात लावला का, एवढे सांगा.

आजार नसलेलेही हवेत. रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवण्याची पद्धत मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये अमेरिकेत सुरू केली. वाईट बातमी कशी सांगावी याचा सराव खऱ्या दुःखितावर करता येत नाही. हौशी नाटकवाल्यांनी जरूर यावे, फक्त रडणे बेताने.

मानधन नाही. एसटी-रिक्षाचे भाडे, नाश्ता-जेवण आणि रोजंदारीवरच्यांची बुडालेली मजुरी मंडळ देते. देणगी त्यासाठी हवी. चाकांचे पडदे आणि धुतलेल्या चादरी वस्तुरूपात चालतील. मधुमेहींनी उपाशी येऊ नये, परीक्षा लांबते.

नाव नोंदवायला रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे या. जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा.