स्किमर न विकणाऱ्या दुकानदारकाकांस

माननीय काका,
सा. न.

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं ‘काका’. ठाण्यात मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणारे तेवढ्यावरूनही ओळखतील.

‘दोनशे लिटरसाठी स्वस्त आणि चांगला स्किमर कुठला?’ एवढंच मी विचारलं होतं. (स्किमर म्हणजे टँकच्या पाण्यातला मळ फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र.) किंमत सांगायची सोडून मासे किती, खाणं किती वेळा, संपमध्ये (टँकखालच्या, स्किमर बसवायच्या छोट्या टाकीत) पाणी किती इंच, अशी उलटतपासणी तुम्ही सुरू केलीत. वाटलं, गिऱ्हाईक टाळायचंय की काय! खोक्यावरचा ‘पाचशे लिटरपर्यंत’ हा आकडा मोजके मासे धरून लिहिलेला असतो. मासे खादाड असतील तर निम्माच खरा मानायचा, हे तेव्हा कळलं. आणि उगाच फार मोठा घेतला तर फेस धरण्याइतका मळच त्याला मिळत नाही. शेवटी सगळा खेळ त्या फेसाचाच. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली प्रथिनं नि तेलकट द्रव्यं चिकटतात आणि कुजून अमोनिया व्हायच्या आत स्किमरच्या वरच्या कपात जाऊन पडतात.

संपमधलं पाणी मोजायला तुम्ही मला घरी परत पाठवलंत, याचा तेव्हा राग आला होता. भरलं नऊ इंच, स्किमरला हवं सात. खाली अ‍ॅक्रिलिकचा स्टँड सरकवला, काम झालं. उलटं असतं तर संपमधली पाणी अडवणारी काच उंच करायचा खर्च आला असता.

माझा भाचा न्यू जर्सीहून येणार होता. तिथे सवलतीत मिळतोय, आणायला सांगू का, म्हटल्यावर तुम्ही हसलात. ट्रान्सफॉर्मर लावून १२० व्होल्टचा प्रश्न सुटेल रे, पण तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०. साधा एसी पंप इथे हळू फिरणार, हवा कमी ओढणार, फेस बसणार. शिवाय इंपेलर (पंपातला फिरता पंखा) तुटला तर भाचा पुन्हा कधी येणार? भाच्याला मी चॉकलेटंच आणायला सांगितली.

विजेचा हिशेब तर माझ्या डोक्यातही नव्हता. स्किमर चोवीस तास चालतो. १० वॉटचा पंप वर्षाला ८८ युनिट खातो, ३० वॉटचा २६३. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला जुनाट पंप दरमहा बिलातून वसुली करतो. माझ्या मते स्किमर घेताना रंगीत दिव्यांपेक्षा आणि डिजिटल कंट्रोलरपेक्षा हा आकडा आधी वाचावा.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही स्वतःच्या फळीवरचा माल दाखवायचा, तर एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर दिलात! त्यांनी टँक मोठा केला होता, स्किमर पडून होता. सांध्यांना तडे आहेत का, इंपेलरची दांडी झिजलीय का, गळ्याशी ओ-रिंग (रबरी कडी) बसते का, हे बघून घे म्हणालात. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला. व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर पंपावरचा पांढरा थर निघाला. पहिले काही दिवस तो मनाला येईल तसा वागेल, रोज स्क्रू पिळू नकोस, हेही तुम्ही आधीच बजावलं होतं, म्हणून हात आवरला. आता कपात काळपट हिरवं, घाण वासाचं पाणी जमतं आणि घरात त्याचा आनंद मला एकट्यालाच होतो.

या व्यवहारात तुम्हाला एक रुपयाही सुटला नाही. त्याबद्दल मनापासून आभार. पेढे आणले तर साखरेचं कारण सांगून परत केलेत. टँकचं मीठ संपत आलंय, ते मात्र तुमच्याकडूनच घेणार. तिथे पुन्हा कुणाचा नंबर देऊ नका.

आपला,
नऊ इंचवाला