घोड्याच्या मालकाचा तोटा दिसतो, पैसे लावणाऱ्याचा का नाही?

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री यांना,

स. न. वि. वि.

मी गिरगावात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. त्यात पगारदार असतात, पेन्शनर असतात आणि रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणारेही काही असतात. जुगाराची तरफदारी करायला हे पत्र लिहीत नाही. मागणं एकच आहे : जिंकलेल्या पैशांवर कर घ्या, पण त्याच वर्षी त्याच खेळात हरलेले पैसे त्यातून वजा होऊ द्या. तेही जिंकलेल्या रकमेपुरतेच. पगारातून तोटा वजा करा किंवा तो पुढच्या वर्षी ओढू द्या, असं मी म्हणत नाही.

आजचा हिशोब बघा. समजा, एका पेन्शनर गृहस्थांनी वर्षभरात जिंकलेल्या तिकिटांवर, लावलेले पैसे वगळून, दीड लाख कमावले आणि हरलेल्या तिकिटांत एक लाख ऐंशी हजार घालवले. घरात त्यांना तीस हजार उडवल्याबद्दल ऐकून घ्यावं लागेल, आणि ते रास्तच आहे. आयकर खात्याच्या लेखी मात्र त्यांना दीड लाखाचं उत्पन्न झालं. त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ४६,८०० रुपये. तीस हजारांच्या तोट्यावर आणखी सेहेचाळीस हजार! पेन्शन करमुक्त मर्यादेच्या आत असली तरी सुटका नाही, कारण ती मर्यादा या उत्पन्नाला लागत नाही आणि नव्या करप्रणालीतली बारा लाखांपर्यंतची सूटही नाही. १९६१च्या कायद्यात कलम ११५बीबी दर ठरवत होतं आणि कलम ५८(४) वजावटीचं दार बंद करत होतं; २०२५च्या नव्या आयकर कायद्यातही तेच आहे.

याच कायद्यात घोड्याच्या मालकाला मात्र वेगळा न्याय आहे. शर्यतीचा घोडा पाळण्याचा खर्च त्याला वजा करता येतो आणि तोटा झाला तर तो त्याच प्रकारच्या उत्पन्नातून वळता करायला पुढची चार वर्षं मिळतात. महालक्ष्मीहून दलाल स्ट्रीटला, म्हणजे शेअर बाजारात गेलात तर तिथेही तेच. इंट्राडेला, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकण्याला, कायदा सट्टाच म्हणतो, पण त्यातला तोटा सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो, उरलेला चार वर्षं पुढे जातो. म्हणजे सट्ट्यातला तोटा मोजायचाच नाही, असं काही सरकारचं तत्त्व नाही.

ऑनलाइन गेमबाबत तर आपल्याच खात्याने २०२३ मध्ये निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर ही पद्धत आणली. वर्षभरात काढलेल्या पैशांतून भरलेले पैसे वजा करायचे आणि उरेल त्यावर ३० टक्के. सूत्र साधं, कुणालाही कळेल असं. पुढे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेमच बंद झाले. गंमत अशी, की ज्या खेळाला न्याय्य सूत्र मिळालं त्याच्यावर बंदी आली आणि जो कायदेशीर राहिला त्याला सूत्र नाही. ८१९ कलमांचा कायदा ५३६ कलमांवर आणून नवा आयकर कायदा केलात, तेव्हा हे दुरुस्त करता आलं असतं.

आपले अधिकारी पुराव्याचा मुद्दा काढतील, आणि तो खोटा नाही. शेवटची रेस संपली की स्टँडच्या पायऱ्यांवर फाटक्या तिकिटांचा खच पडतो. कुणीही पिशवीभर गोळा करून ‘हा माझा तोटा’ म्हणू शकतो. म्हणून कागदी तिकीट धरूच नका. पॅनशी जोडलेल्या खात्यातून, बँकेमार्फत लावलेले पैसे तेवढे धरा. एका व्यवहारात दहा हजारांहून जास्त जिंकले की टीडीएस कापला जातोच. खेळणाऱ्याचं वर्षाचं खातं टीडीएसच्याच विवरणात आलं की ताळा बसेल. लॉटरीला हवं तर सध्या बाजूला ठेवा. दिवाळी बंपर लागणारा माणूस आयुष्यात एकदा जिंकतो, त्याला मागच्या तिकिटांच्या वजावटीचं काय पडलंय!

इंग्लंडमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर करच नाही. तेवढं मी मागणार नाही. अमेरिकेत तोटा जिंकलेल्या रकमेपर्यंत वजा होत आला. २०२६ पासून तिथे तोट्याचा ९० टक्केच भाग धरतात आणि त्यावरूनही ओरड आहे. आपल्याकडे शून्य.

सप्टेंबर २०२५ पासून घोड्यावर लावलेल्या पैशांवर जीएसटीही ४० टक्के झाला. बेकायदा बुकी ना जीएसटी घेतो, ना टीडीएस कापतो. जो माणूस पॅन देऊन खिडकीवर रांगेत उभा राहतो त्यालाच आपण धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

येत्या अर्थसंकल्पात वजावटीची एवढी दुरुस्ती करावी आणि विवरणपत्रात जिंकलेल्या रकमेशेजारी हरलेल्या रकमेचा एक रकाना द्यावा. तो भरायचं काम आम्ही करू.

कळावे,
आपला,
गिरगावातला एक करसल्लागार