वहीतली खाडाखोड कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत मुलांच्या वह्या फार स्वच्छ यायला लागल्यात आणि मला त्याचीच काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

पूर्वी गृहपाठाची वही उघडली की मूल कुठे चुकलं ते लगेच दिसायचं, चिन्ह बदललं, खोडलं, परत केलं, समासात कुठेतरी सतराचा पाढा लिहिलेला. आता गणिताचा फोटो काढला की फोन पायरी-पायरीने सोडवून देतो आणि मुलं ते छान अक्षरात उतरवून आणतात. परवा एकाला विचारलं, अरे हे दुसरं समीकरण तू ३ ने का गुणलंस? तर गप्प. गणित बरोबर, उत्तर बरोबर, पण त्यातलं त्याचं काहीच नव्हतं. दहावीला भाग एक ४० मार्कांचा, भाग दोन ४० चा, तिथे पायऱ्यांना मार्क असतात आणि खिशात फोन नसतो. मार्कांचं तरी एक वेळ ठीक, पण गणितात अडकून बसायची सवयच जर लागली नाही तर पुढे हे मूल कशाशी झगडणार?

फोन वाईट असं मी म्हणणार नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या तेव्हा याच फोनने आम्हाला जोडून ठेवलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन, तो बाबांबरोबर रिक्षात, बाबा रात्री नऊला घरी आले की मग मुलं गृहपाठाचे फोटो पाठवायची आणि मी अकरा-साडेअकरापर्यंत तपासत बसायचे. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड, दीक्षा ॲप, हे सगळं मी वापरते. आणि आकृत्या काढून त्या स्क्रीनवर हलवता येतात ते जिओजेब्रा तर मला फार आवडतं, ते फुकट आहे. चक्रीय चौकोनाचे, म्हणजे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे, संमुख कोन परस्परांचे पूरक असतात (बेरीज १८० अंश) हे प्रमेय मी वर्षानुवर्षं फळ्यावर एकाच आकृतीवर शिकवलं, पण जिओजेब्रात एक शिरोबिंदू धरून वर्तुळावरून सरकवला, चौकोन पार वाकडा झाला, कोन सारखे बदलत राहिले आणि बेरीज मात्र १८० वरून हलेना, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, परत करा ना." तिथे स्क्रीनने मुलांना प्रश्न पाडला. फोटो काढून उत्तर मिळतं तेव्हा प्रश्न पडायच्या आधीच संपतो. माझं सगळं म्हणणं या एवढ्या फरकाबद्दल आहे.

असर या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांचं होतं की ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. त्या ५७ टक्क्यांतही नेमका कुठला अभ्यास झाला, हे मला माझ्या वर्गातल्या वह्या बघून विचारावंसं वाटतं.

आता दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. समरूपतेची, म्हणजे आकार तोच पण बाजू एकाच प्रमाणात लहान-मोठ्या अशा त्रिकोणांची, उजळणी चालू होती, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला मुलांना मैदानात नेलं आणि सांगितलं, ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढा. एक जण लगेच म्हणाला, बाई, उंची मोजायचं ॲप असतं. म्हटलं असेल, आपण टेपने करू. एक मीटरची पट्टी उभी धरली, तिची सावली १२० सेंटीमीटर. पहिल्या गटाला खांबाची सावली ७.८ मीटर मिळाली, म्हणजे उंची साडेसहा मीटर. टेप एकच, त्यामुळे दुसऱ्या गटाचा नंबर वीस-पंचवीस मिनिटांनी लागला, त्यांना सावली ६.९ मीटर आली आणि उंची पावणेसहा! झालं, भांडण. तुम्ही टेप सैल धरली, तुम्ही चौथऱ्यावरून मोजलं, दोनदा आकडेमोड तपासली, कुणाचीच चूक सापडेना. तास संपायची घंटा झाली तरी कोणी वर्गात जाईना. शेवटी एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती खाली बघत म्हणाली, "बाई, पट्टीची सावली आपण परत मोजलीच नाही." पट्टी परत उभी केली तर सावली आखडलेली. दुसऱ्या गटाने खांबाची सावली नवी घेतली होती आणि पट्टीची जुनी. समरूप त्रिकोणांची गुणोत्तरं एकाच वेळची का घ्यायची, हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी असं पोचलं नसतं. त्या दिवशीच्या वह्या इतक्या खाडाखोडीच्या होत्या की मला भरून आलं.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, मूल रात्री गणितावर अडकलं तर पंधरा-वीस मिनिटं त्याला अडकू द्या, लगेच फोन हातात देऊ नका. तुम्हाला दहावीचं गणित येत नसेल तरी चालतं, शेजारी बसा आणि "इथपर्यंत कसं आलास ते मला सांग" एवढंच म्हणा. खोडलेलं फाडून वही "नीट" करायला लावू नका. मी आता डावं पान कच्च्या कामासाठीच ठेवायला सांगितलंय आणि ते कोरं असेल तर उजवं पान तपासत नाही. आणि शाळांना टॅब, स्मार्ट टीव्ही देताना खात्याने सोबत चार टेप आणि मैदानात घालवायला दोन तास जास्तीचे द्यावेत, अगदी मनापासून सांगते.

त्याच मुलांनी आता विचारलंय की नव्या कळवा पुलाच्या उंच खांबाची उंची काढता येईल का. सावली तर खाडीत पडणार, टेप लावायची कुठे? यावर आठवडाभर वाद चाललाय. त्रिकोणमितीचा धडा समोरच आहे, पण मी अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका,
कळवा, जि. ठाणे