एस्प्रेसो मशीन निवडताना ‘१५ बार’ विसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरगुती एस्प्रेसो मशीनची तुलना करणारा तक्ता छापून आला आहे. त्यात पहिला रकाना पंपाच्या दाबाचा आहे आणि १५ बारच्या मशीनपेक्षा २० बारच्या मशीनला जास्त गुण दिले आहेत (बार हे दाबाचे एकक, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब). नेमका हाच रकाना निरुपयोगी आहे. ज्या गोष्टींवर कपातली कॉफी ठरते, त्यांना मात्र तक्त्यात जागाच नाही. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

एस्प्रेसो म्हणजे दळलेल्या कॉफीच्या थरातून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली दाट कॉफी. तिच्यासाठी त्या थरावर साधारण ९ बार दाब लागतो. लुइगी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेले मशीन वाफेच्या जोरावर चाले आणि त्याचा दाब जेमतेम दीड बार असे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांचे दांड्याचे मशीन आले. त्यात स्प्रिंगचा दट्ट्या पाणी ढकलू लागला, दाब आठ-नऊ बारच्या घरात गेला आणि कपावर क्रेमा, म्हणजे तो तपकिरी दाट फेस, दिसू लागला. १९६१ च्या फाएमा ई६१ मशीनने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. व्यावसायिक मशीन आजही ९ बारच्याच आसपास चालतात.

मग खोक्यावर १५ कुठून येतात? घरगुती मशीनमध्ये बहुधा कंप पावणारा छोटा पंप असतो. विजेच्या गुंडाळीत बसवलेला दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतो. या पंपात दाब वाढला की प्रवाह घटतो. पुढची वाट पूर्ण बंद केली तर दाब १५ बारपर्यंत चढतो, पण तेव्हा पाण्याचा थेंबही पुढे सरकत नसतो. खोक्यावर छापतात तो हाच आकडा. कॉफी काढताना खरा दाब ठरतो तो कॉफीचा थर पाण्याला किती अडवतो त्यावर. त्याच्यावर मर्यादा घालणारा एक व्हॉल्व्ह आत असतो, जास्तीचे पाणी तो टाकीत परत सोडतो. विक्रेत्याला विचारायचे ते याच व्हॉल्व्हबद्दल: तो ९ बारवर लावलेला आहे का, नसल्यास बदलता येतो का? तो १२ किंवा त्याहून वर लावलेला असला तर कॉफीचा थर चेपला जातो, पाणी त्यात चिरा शोधते आणि एकाच कपात आंबट व कडू दोन्ही चवी उतरतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हँडलमधली जाळीची वाटी, जिला बास्केट म्हणतात. ती दोन प्रकारची मिळते. एकेरी तळाच्या बास्केटला खाली शेकडो बारीक छिद्रे असतात आणि दाब कॉफीच्या दळणामुळे तयार होतो. दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये आतून छिद्रे दिसतात, पण बाहेरून उलटी करून पाहिली तर एकच टाचणीएवढे भोक असते. तिथे पाणी अडवण्याचे काम कॉफी करत नाही, ते भोक करते. त्यामुळे कसेही दळलेले, महिनाभर उघडे राहिलेले पीठ टाकले तरी वर फेस येतो. तो फेस क्रेमा नव्हे, भोकातून जोरात बाहेर पडताना घुसळला गेलेला बुडबुड्यांचा थर असतो. तयार पूडच वापरायची असेल तर ही बास्केट वाईट नाही, उलट सोयीची आहे. पण ज्या मशीनला एकेरी बास्केट मिळतच नाही, त्या मशीनवर आपली कॉफी कधी सुधारणार नाही, ग्राइंडर कितीही चांगला आणा.

ग्राइंडरचे नाव निघालेच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. मशीनवर सगळे पैसे संपवायचे आणि दळायला मिक्सरचे भांडे वापरायचे, असे सर्रास चालते. पाते फिरवून कॉफी फोडणाऱ्या भांड्यात भुगा आणि खडे एकत्र होतात. पाणी खड्यांमधून पळते आणि भुग्यात अडकते. एस्प्रेसोला दोन दातेरी चकत्यांचा, म्हणजे बर असलेला ग्राइंडर हवा, आणि त्याची दळण जमवण्याची पायरी फार बारीक हवी. सुरुवातीचे माप असे धरा: १८ ग्रॅम कोरडी कॉफी, कपात ३६ ग्रॅम पेय, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. १२ सेकंदांतच ३६ ग्रॅम झाले तर कॉफी पातळ आणि आंबट लागेल, दळण बारीक करा. ४५ सेकंद लागले आणि थेंब थेंब पडले तर कडू-तुरट होईल, दळण जाड करा. आता ज्या ग्राइंडरची एक पायरी फिरवली की १२ वरून थेट ४५ वर उडी जाते, तो एस्प्रेसोचा ग्राइंडर नाही, त्यावर तसे छापले असले तरी. एकूण रकमेतला निम्मा वाटा ग्राइंडरला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढे जमत नसेल तर चांगला हातग्राइंडर घ्यावा. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर हात दुखतो, पण दळण एकसारखे मिळते. सोबत ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच. चमच्याने मोजलेल्या कॉफीत दर वेळी दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतो आणि मग दोष नेमका कशात आहे ते कळत नाही.

तापमानाचे गणित मशीनच्या रचनेवर आहे. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लागते. थर्मोब्लॉकच्या मशीनमध्ये पाणी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाता जाता गरम होते. मिनिटाभरात तयार असल्याचा दिवा लागतो, पण हँडल आणि वरचा भाग तोवर गारच असतो. म्हणून पहिल्या कपाआधी रिकामे हँडल लावून कपभर गरम पाणी सोडून द्यावे. एका बॉयलरच्या मशीनमध्ये साधा थर्मोस्टॅट असेल तर तापमान दहा-बारा अंशांच्या पट्ट्यात वरखाली होत राहते. हीटरचा दिवा विझल्यावर लगेच काढलेली आणि दोन मिनिटांनी काढलेली कॉफी वेगळी लागते ती यामुळे. पीआयडी नावाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हे चढउतार एक-दोन अंशांवर आणतो. घ्यायच्या दोन मशीनमध्ये बाकी सारे सारखे असेल तर पीआयडीवाले घ्या. हीट एक्स्चेंजरच्या मशीनमध्ये वाफेचा मोठा बॉयलर असतो आणि कॉफीचे पाणी त्यातून जाणाऱ्या नळीत तापते. अर्धा तास नुसते उभे राहिले की नळीतले पाणी फार तापते, तेव्हा आधी थोडे पाणी सोडून ते निववावे लागते. दोन बॉयलरच्या मशीनमध्ये ही कटकट नाही, पण ते जड असते, ओट्यावर जागा खाते आणि वीजही जास्त घेते. ई६१ धाटणीचा अवजड पितळी हेड, म्हणजे हँडल अडकवायचा वरचा भाग, असेल तर तो पुरता तापायला अर्धा तास धरा. सकाळी घाईत एकच कप पिऊन बाहेर पडणाऱ्याने असले देखणे धूड घेऊ नये.

दूध घालून पिणारे घरात किती, यावर बॉयलरची निवड ठरते. एका बॉयलरच्या मशीनमध्ये आधी कॉफी काढायची, मग वाफेचे बटण दाबून थांबायचे, नळीतले पाणी फडक्यावर सोडायचे आणि मग दूध फेसाळायचे. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवावे. ७० च्या पुढे त्याचा गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. काम झाले की कॉफीच्या बाजूने पाणी सोडत राहायचे, वाफ थांबून नुसते पाणी येईपर्यंत. हे टाळले तर दोन गोष्टी होतात: पुढची कॉफी जळकी लागते आणि बॉयलर अर्धवट रिकामा राहून हीटर उघडा पडतो. एक-दोन कपांना हे चालून जाते. रोज चार जणांचे दूध करायचे असेल तर हीट एक्स्चेंजर किंवा दोन बॉयलर घ्या. वाफेच्या नळीवर प्लॅस्टिकची जाड टोपी असेल तर ती निघते का तेही पाहा, कारण ती साबणासारखे मोठे बुडबुडे करते.

सर्वांत जास्त मशीन मरतात ती पाण्याने, आणि त्याबद्दल आपल्या तक्त्यात चकार शब्द नाही. जड पाण्यातला चुना तापलेल्या भागावर थर धरतो. थर्मोब्लॉकच्या अरुंद वाटा आधी चोंदतात, मग पाणी कमी येते, पंप घरघरतो आणि शेवटी हीटर जातो. यावर उपाय म्हणून लोक थेट आरओचे पाणी भरतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतात. बॉयलरमधले पाणी मोजणारा दांडा विजेच्या वहनावर चालतो. क्षार अजिबात नसलेले पाणी त्याला दिसतच नाही, म्हणून मशीन बॉयलर भरतच राहते, नाहीतर टाकी भरलेली असताना पाणी संपल्याचा दिवा दाखवते. शिवाय असे पाणी धातू खाते आणि कॉफीही सपक करते. उपाय सोपा आहे. एक लिटर आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलिग्रॅम खाद्य दर्जाचे पोटॅशियम बायकार्बोनेट घाला. एवढे कमी वजन घरच्या काट्यावर येत नाही, म्हणून १० ग्रॅम पूड घेऊन एक लिटर द्रावण बनवून ठेवा आणि दर लिटरला त्यातले १० मिलिलिटर वापरा. या पाण्यात चुनाच नसल्यामुळे थर धरत नाही. खिशातला टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज तेवढा देतो. जडपणासाठी थेंब टाकून रंग पाहायचा संच मिळतो, तो आणा. थर धरलाच असेल तर काढायला सायट्रिक आम्ल वापरतात, मात्र प्रमाण त्या मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. आतला धातू ॲल्युमिनियम आहे की पितळ, यावर ते अवलंबून असते. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात बसतो.

कॉफी काढून झाल्यावर थरावरचा दाब सोडून देणारा तीन वाटांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मशीनमध्ये आहे का, हे विचारायला विसरू नका. तो असेल तर कॉफीची चकती कोरडी निघते आणि आंधळी, म्हणजे बिनछिद्रांची बास्केट लावून उलटी धुलाई करता येते: साफसफाईची पूड अर्धा चमचा, पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असे पाच वेळा, आणि नंतर तेच साध्या पाण्याने. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर हा प्रयोग मुळीच करू नये, दाबाला बाहेर पडायला वाटच नसते. अशा मशीनचे हँडलही लगेच काढू नये. अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर ओली कॉफी भिंतीवर उडते.

हँडलचा व्यास ५८ मिलिमीटर असेल तर बास्केट, टॅम्पर (कॉफी दाबून बसवायचा ठोकळा), जाळी सहज मिळतात, कारण बहुतेक व्यावसायिक मशीनचे माप तेच आहे. ५१, ५३, ५४ मिलिमीटरची मशीन वाईट नसतात, पण त्यांचे सुटे भाग कुठे मिळतील ते आधी पाहावे. हेडमधली रबरी गॅस्केट उष्णतेने कडक होते आणि वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते. हँडल पूर्वीपेक्षा जास्त फिरवावे लागते किंवा कडेने पाणी पाझरते, तेव्हा समजायचे. ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झच्या देशातून मशीन आणायचा मोह टाळा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही, आणि कंपाचा पंप विजेच्या हर्ट्‌झवरच चालतो.

सगळे बटणावर करणाऱ्या स्वयंचलित मशीनबद्दल दोनच गोष्टी. आतला कॉफी दाबणारा भाग बाहेर काढून नळाखाली धुता येत असेल तरच घ्या, आणि त्यात तेलकट, काळ्या भाजणीच्या बिया घालू नका, ग्राइंडर तुंबतो. कॅप्सूलच्या मशीनमध्ये निवडण्यासारखे फार काही नसते. उलट पंपच नसलेली, हाताने दांडा दाबायची मशीन आपल्या तक्त्यात यायला हवी होती. किटलीतले उकळते पाणी ओतायचे, दाबमापकावर ९ पाहत दांडा दाबायचा, बिघडायला दोन रबरी रिंगांपलीकडे जवळपास काही नाही. दूध फेसाळायची सोय बहुतेकांत नसते, एवढीच अडचण. काळी कॉफी पिणाऱ्या एकट्या माणसाला मी आधी हेच सुचवीन.

जुने मशीन घेत असाल तर विकणाऱ्याला ते आधी तापवून ठेवायला सांगू नका, गार असतानाच आपल्यासमोर सुरू करायला लावा. पंप पाणी ओढायला किती वेळ घेतो ते पाहा. हेडखालची जाळी एका स्क्रूने निघते. तिच्यामागे काळा चिकट थर असेल तर तो धुऊन जाईल, पांढरे खवले असतील तर भाव कमी करून घ्या, आणि पितळेवर हिरवट चट्टे असतील तर आत गंज आहे असे धरून चाला. मग वाफ पूर्ण उघडून एक मिनिट सोडा. जोर मध्येच पडला आणि परत चढलाच नाही, तर हीटर तरी गेलेला आहे किंवा थर्मोस्टॅट तरी.

आपला,
कॉफी मशीन दुरुस्त करणारा एक वाचक